गॅलरीखाली ढकल

“ए बाई, तिकडून नाय. व्हीआयपींचा रस्ता आहे तो. तू खालून ये.”

खालून म्हणजे गॅलरीखालून. पनवेलच्या त्या मैदानावर फुटबॉलच्या स्पर्धेला दरवर्षी बांबू आणि फळ्यांची गॅलरी बांधायचे. मागं पत्र्याचं कुंपण. उजव्या टोकाला एक पत्रा खालून वाकवलेला, कुत्रं शिरेल एवढा. आम्ही सफाईच्या बायका त्यातून रांगत आत यायचो. आणि वर उभा राहून बोट दाखवणारा हा भाऊ, स्पर्धेचा आयोजक. पांढरे बूट, दोन हातांत दोन मोबाईल. मला पस्तिसावं चालू होतं, दोन पोरींची आई मी. हा माझ्याहून लहान. ह्याच्या बायकोला सगळ्यांनी वहिनीसाहेब म्हणायचं आणि मी ए बाई.

मी आले खालून. खोटं कशाला सांगू? रोज आले. नोकरी कंत्राटी, मुकादम सांगेल तिथं जायचं, जे दाखवतील ते झाडायचं.

कचरा न्यायला टेम्पो येणार होता स्पर्धा संपल्यावर. तोवर तो टाकायचा कुठं? मी विचारलं तर भाऊनं बुटानं दाखवलं. “गॅलरीखाली ढकल. पुढून फ्लेक्स लावतो, दिसणार नाय.”

चार दिवस ढकलला. शेंगांची टरफलं, कागदी प्लेटा, थर्माकोल, वेफर्सची पाकिटं. वर बसलेले लोक फळ्यांच्या फटीतून टाकत होते ते वेगळंच, त्यात बिड्यांची थोटकंसुद्धा. पाचव्या दिवशी फायनल. सकाळी मी भाऊला म्हटलं, “भाऊ, खाली गुडघाभर साचलंय. एखादी बिडी पडली तर पेटेल.”

भाऊनं आधी आपल्या चमच्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं. “तुला झाडायला ठेवलंय. डोकं चालवायला नाय.”

काय हसले मेले! एकानं तर “इंजिनेर बाई” म्हणून टाळी दिली. माझे कान तापले. मी झाडू उचलला आणि पुन्हा ढकलायला लागले. ह्याची लाज मला आजही वाटते. भाऊची नाही, माझी.

एकच माणूस हसला नाही. मोहल्ल्यातले एक चाचा, आखातात नोकरीला, सुट्टीवर आलेले. पुतण्या फायनलला खेळणार म्हणून सकाळीच येऊन बसलेले. ते मागच्या गेटपाशी गेले, साखळी हलवून बघितली आणि आमच्या वॉचमनला, दामूकाकाला, म्हणाले, “मी तिकडं स्टेडियमात ड्युटी केली आहे. माणसं आत असताना गेटला कुलूप लावायचं नाही. पहिला सबक हाच देतात.”

दामूकाका जवळच्या करंजाडे गावचा. जमीन नव्या इमारतींखाली गेलेली, म्हणून म्हातारपणी शिट्टी गळ्यात अडकवलेली. तो म्हणाला, “मी काय करू? चावी माज्याकं नाय. भाऊच्या खिशात हाय. फुकटे लोक घुसतात म्हनून.”

म्हणजे बघा. आमच्या वस्तीतल्या कुणी फुकट मॅच बघू नये, एवढ्यासाठी आतल्या शेकडो माणसांना कोंडलं होतं.

दुपारी दुसरा हाफ चालू असताना डाव्या टोकाला धूर आला. लोक हसले. फटाके असतील म्हणाले. कुणीतरी ओरडलं, “खाली बसा रे, मॅच दिसत नाय!” आणि लोक खरंच बसले. तोवर गॅलरीवरच्या मांडवाच्या कापडाला धग लागली. सुका बांबू, तडातडा फुटायला लागला. पुढं मैदानात पळावं तर उंच जाळी, गवतावर पब्लिक येऊ नये म्हणून. एकच रस्ता उघडा होता, व्हीआयपींचा, तोही आगीच्या बाजूला. त्यातून सोफ्यावरचे सगळे सुटले. सगळ्यांच्या पुढं पांढरे बूट. चावी खिशात घेऊन पळाला तो.

बाकीचे मागच्या गेटवर आदळले. गेट हलेना. मी घसा फोडून ओरडत होते, “इकडं या! पत्रा वाकलाय! खालून या!” कोण ऐकतो? झाडूवालीचं कोण ऐकतं? ऐकलं ते चाचांनी. ते गेटवरच्या गर्दीतून एकेकाला ओढून माझ्याकडं ढकलायला लागले. “ताईच्या मागं जा! वाका, वाका!” मग वाकले सगळे. इस्त्रीचे शर्ट, गॉगल, सोन्याच्या चेनी, सगळे चिखलात पोटावर. मी पत्रा धरून होते. माझे तळवे सोलवटले. सकाळी टाळी देणारा तो चमचासुद्धा माझ्या पायाशीच रांगत गेला. वर बघितलं नाही त्यानं.

चाचा आले नाहीत. गेटपाशी तिघं गेली, त्यात ते होते.

तिसऱ्या दिवशी मुकादम मला भाऊच्या ऑफिसात घेऊन गेला. टेबलावर एक कागद आणि शाईचं पॅड. बाहेर चौकात तेव्हाच श्रद्धांजलीचा फ्लेक्स चढत होता. त्यावर हात जोडलेला भाऊ केवढा, आणि खाली कोपऱ्यात तिघांचे फोटो तिकिटाएवढे.

“अंगठा दे,” मुकादम म्हणाला.

मी कागद उचलला. सातवी पास आहे मी. ह्यांना माहीतच नव्हतं, कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी मोठ्यानं वाचलं, “सदर कचरा मी माझ्या मर्जीने गॅलरीखाली टाकला असून आयोजकांचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.”

मर्जीने! कुठल्या दारानं आत यायचं ते माझ्या मर्जीनं नव्हतं, आणि तीन माणसं मात्र मी मर्जीनं मारली?

भाऊचा चेहरा उतरला. मग गोड बोलायला लागला. “ताई, तुला कायम करतो. पोरींचं शिक्षण बघतो.” आता ताई झाले मी! माझ्या डोळ्यांपुढं गेटला चिकटलेले चाचा होते. मला भाऊची किळस आली. भीती नाही वाटली, पहिल्यांदाच. वाटलं, ह्या एवढ्याशा जिवापुढं मी इतकी वर्षं रांगले?

मी पॅड बंद केलं. “कचरा मीच ढकलला. पोलिसात मी तसंच सांगणार. कुणी ढकलायला लावला ते सांगणार. आणि चावी कुणाच्या खिशात होती, तेपण.”

“येडी झालीस काय? आत जाशील!” मुकादम ओरडला.

“जाईन. ह्याला घेऊन जाईन.”

पोलीस ठाण्याच्या पायरीवर दामूकाका बसलेला होता. मला बघून उठला. “चल. मी पन सांगीन.” आम्ही दोघांनी सांगितलं. हवालदार माझं वाक्य मऊ करून लिहीत होता. मी तीनदा खोडायला लावलं आणि खाली सही केली.

नोकरी गेली. भाऊ जामिनावर आहे, तारखा पडतात. आता मी लोकांच्या घरची धुणीभांडी करते.

यंदा पुन्हा स्पर्धा आहे. आयोजक तोच. गॅलरी लोखंडी केलीय म्हणून पेपरात फोटो आला, किती सुरक्षित, किती छान. मी सकाळी जाऊन मागचं गेट बघून आले. साखळी आहे. कुलूप नवं, मोठं आहे. मॅचच्या वेळी गेट उघडं ठेवा म्हणून नगरपालिकेत आधीच अर्ज दिला होता, पोच माझ्याकडं आहे. कुणी फिरकलं नाही.

मॅच तीनला आहे. अडीचला मी पुढून, व्हीआयपींच्या रस्त्यानं आत जाणार, हातोडी घेऊन, आणि सगळ्यांच्या देखत ते कुलूप फोडणार. कुणी विचारलं तर नाव सांगणार. पूर्ण नाव, आईबापाच्या नावासकट.