डाळीच्या पुडीतली अर्धी गोष्ट

आज सुनेने मूगडाळ आणली. रिकामी प्लॅस्टिकची पिशवी मी सवयीने उलटून पाहिली. वाचायला काहीच नाही!

एक्याण्णवमध्ये लग्न होऊन उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये आले. एकच खोली, बाहेर जायची बंदी. पुस्तक उघडलं की सासूबाई विचारायच्या, "कामं संपली वाटतं?" मग स्टोव्हपाशी उभी राहून मी वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचायचे.

एकदा मासिकाचं अर्धंच पान आलं. गोष्टीतली बाई दाराशी पोचते आणि कागद संपतो. अशी चिडले!

दुपारी खिडकीच्या गजांपाशी शेजारच्या शोभाताई कुजबुजल्या, "तूपण पुड्या वाचतेस ना गं? माझ्या साखरेच्या पुडीत एक बाई दार उघडून चाललीय. कुठनं निघाली, ते आलंय का तुझ्याकडे?"

गजांतून कागद बदलले.

ती बाई बाहेर गेली. आम्ही आतच राहिलो, पण दोघी.

तुम्हाला आत कोण भेटलं होतं?