दारातला बुंधा

आमच्या चारकोपच्या बैठ्या घराचं अंगण एवढंसं, की चार माणसं उभी राहिली तर पाचव्याने गेटबाहेर थांबावं. त्यात बाबांनी आंबा लावला होता. गिरणी बंद पडल्यावर परळची खोली सोडून आम्ही इथे आलो, तेव्हा टेम्पोतलं निम्मं सामान फुटलं. पण गावाहून आणलेलं ते रोप बाबा मांडीवर घेऊन बसले होते. गेल्या पावसाळ्याआधीच्या एका वादळात आंबा मोडला. पालिकेची माणसं येऊन कापून घेऊन गेली आणि दार नि गेट यांच्या बरोबर मध्ये गुडघाभर बुंधा तेवढा ठेवून गेली. आम्ही अंग चोरून बाजूने जायला शिकलो.

मग बाबांना पॅरालिसिस झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. व्हीलचेअर आणली, तर ती उंबऱ्यापर्यंत यायची, पुढे बुंधा. पहिल्यांदा चौघांनी उचलून त्यांना डॉक्टरकडे नेलं. दुसऱ्यांदा त्यांनी डाव्या हाताने दाराची चौकट अशी धरली की सोडवता येईना. लोकांनी आपल्याला कपाटासारखं उचलून न्यावं, हे त्यांना सहन होत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही बघवत नव्हतं. व्यायाम घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, "यांना रोज बाहेर न्या, माणसांत बसवा. घरातच राहिले तर बोलायचा प्रयत्नच सोडून देतील." तो त्यांनी सोडायला घेतलाच होता. दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसायचे.

बुंध्याबद्दल आमच्या घरांच्या सगळ्या लाइनीने सल्ले दिले. भोकं पाडून मीठ भर. ताक-गूळ ओत. काही करू नकोस, दोन वर्षांत आपोआप कुजेल. तोवर बाबांनी काय करायचं, हे कुणी सांगत नव्हतं. मी ठरवलं, येत्या रविवारी हा बुंधा जमिनीत राहणार नाही. भांडुपहून दादाला बोलावलं. शेजारचे काका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वर्कशॉप चालवतात, त्यांना जड वजन उचलायची चेन कुप्पी आणायला सांगितली.

दादा पहार-कुदळ आणि एक नारळ घेऊन आला, बुंध्याकडे बघितलं आणि उंबऱ्यावर बसला.

"बाय, गाऱ्हाणं कोण घालणार?"

इथे घोडं अडणार हे मला कळायला हवं होतं. आम्ही मालवणकडचे. आंब्याच्या बुडाशी जागेच्या राखणदाराचं ठिकाण, दरवर्षी तिथे त्याचा नारळ. त्याला न सांगता तिथे कुदळ मारायची म्हणजे आमच्यात मोठा अपराध. सांगायचं ते गाऱ्हाण्यातून: एकाने देवाशी बोलायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आमच्या घरात ते काम कायम बाबांचं. नवा फ्रिज आला तरी गाऱ्हाणं, माझी दहावी असली तरी गाऱ्हाणं. आणि आता बाबांची वाचाच गेलेली.

"तू घाल ना," मी म्हटलं.

"माका नाय येत. गावच्या काकांना बोलावू. शिमगा झाला की येतील."

"शिमग्याला अजून किती महिने आहेत, माहितीये? तोवर बाबांनी खिडकीत बसायचं? दे तो नारळ इकडे. मी घालते."

"बायका नाय घालत गाऱ्हाणं."

"मग तू घाल."

त्याने नारळ माझ्याकडे सरकवला. शेजारचे काका जालन्याकडचे, बौद्ध. आमच्या राखणदाराशी त्यांचं काही देणंघेणं नाही. ते साखळी सोडवता सोडवता म्हणाले, "मी काही देव-बिव मानत नाही पोरी. पण तुझ्या बाबांसाठी व्हय म्हणायचं असेल तर म्हणतो. उरक लवकर, ऊन चढतंय."

मी बाबांची खुर्ची उंबऱ्याशी आणली, बुंध्यावर नारळ ठेवला आणि हात जोडले. लहानपणापासून ऐकलेलं सगळं तोंडात आलं, पण रागाने जरा तिखट होऊन आलं. "बा देवा राखणदारा म्हाराजा, ह्या खोडान आमची वाट अडवलेली हा. तुझो माणूस घरात कोंडलो हा. आज ह्या खोड काढतंव, राग मानू नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," दादा पुटपुटला. काका मात्र खणखणीत बोलले.

मागे धाडकन आवाज झाला. बाबा डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर मारत होते. चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, त्यांना बुंधा काढू द्यायचाच नाही. दादाच्या चेहऱ्यावर तर 'सांगितलं नव्हतं?' असं स्पष्ट लिहिलेलं. पण बाबांनी नारळाकडे बोट केलं, मग कोपऱ्यातल्या तुळशीकडे, पुन्हा नारळाकडे. मी बावळटासारखी बघत राहिले. त्यांनी वैतागून डोळे मिटले. दहावीला गणित शिकवताना मिटायचे, अगदी तसेच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी राखणदाराला ऊठ म्हटलं होतं, पण कुठे बस ते सांगितलंच नव्हतं.

"तुझी जागा आता तुळशीकडे रे म्हाराजा," मी घाईघाईने म्हटलं. बाबांनी हात खाली घेतला. नारळ तुळशीकडे गेला आणि दादाने निमूट पहार उचलली.

बुंधा काही आमच्या गाऱ्हाण्याला भुलला नाही. माती बाजूला केली तशी मुळं निघत गेली; एक भिंतीखाली, एक नळाच्या पाइपाला मिठी मारून. पाइप फुटला असता तर अख्ख्या लाइनीने मला फाडून खाल्लं असतं, म्हणून ते मूळ मी खुरप्याने मोकळं करून करवतीने कापलं. काकांनी तीन लोखंडी पाइप वर एकत्र बांधून त्यांना चेन कुप्पी टांगली, साखळी बुंध्याला आवळली. ओढलं की साखळी करकरायची आणि पाइपच जमिनीत रुतायचे. जेवणं झाल्यावर दादा म्हणाला, "वाट लागली यार कमरेची. पुढच्या रविवारी बघू." मी ओढणी कमरेला खोचली आणि खड्ड्यात उतरून मधल्या सोटमुळावर कुऱ्हाड चालवायला लागले. थोड्या वेळाने दादाही उतरला. म्हणाला, "सरक. पाय तोडून घेशील." बाबा उंबऱ्यावरून हलायला तयार नव्हते. मी भात भरवायला गेले तर त्यांनी मान फिरवून खड्ड्याकडे बोट दाखवलं: आधी ते.

ऊन उतरताना मूळ तुटलं. साखळी ताणली आणि बुंधा एकदाचा वर आला. तो बाहेर ढकलला, खड्ड्यात विटांचे तुकडे आणि माती ठोकून भरली, वर फरशा टाकल्या. मग मी बाबांची खुर्ची उंबऱ्यावरून खाली घेतली. फरशांवरून चाकं खडखडत गेली. त्यांना कुणी उचललं नाही. मी खुर्ची तुळशीपाशी थांबवली, कारण राखणदाराला नव्या जागेवर रीतसर बसवायचं राहिलं होतं.

"बा राखणदारा म्हाराजा, ही तुझी नवी जागा मान्य करून घे रे म्हाराजा."

दादा नि काका तोंड उघडणार, इतक्यात खुर्चीतून आवाज आला. घोगरा, अर्धवट, पण बाबांचा.

"व्हय."

दादा माझ्याकडे बघायला लागला. मला रडू फुटलं. माझं गाऱ्हाणं खरं तर संपलं होतं, मागायचं काही उरलं नव्हतं. पण थांबायची माझी छाती होईना. मी नळाला पाणी जोरात येऊ दे म्हटलं, दादाच्या कमरेला आराम पडू दे म्हटलं, काकांचं वर्कशॉप भरभराटीला येऊ दे म्हटलं, आणि दरवेळी मागे फक्त बाबांचाच आवाज येत होता, कारण बाकीच्या दोघांनी बोलणं सोडून दिलं होतं.

"उद्या सकाळी बाबांका नाक्यापर्यंत चहा पिऊक ने रे म्हाराजा."

"व्हय," बाबा म्हणाले.