मांडी घालता येईल असा गुडघा

मशीन ऑइलचा वास आला की मला ब्रिस्टलच्या एका युनिव्हर्सिटीचा ओपन डे, प्रवेशाआधी कॉलेज बघायला बोलावतात तो दिवस, आठवतो. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, माझं शाळेचं शेवटचं वर्ष होतं, आणि मी डॉक्टरच व्हावं या आईच्या हट्टापायी लंडनमधल्या हॅरोच्या घरात आम्हा दोघींचं रोज वाजायचं. मला शरीरही शिकायचं होतं आणि यंत्रंही! तिथल्या लॅबमध्ये एका प्रोफेसरबाईंनी धातूचा चकचकीत कृत्रिम गुडघा माझ्या हातात ठेवला, तो अलगद वाकला आणि मी तो पुन्हा पुन्हा वाकवतच राहिले. "विचार त्यांना," सोबत आलेली आई म्हणाली, "हा बसवल्यावर मांडी घालता येते का?" गुडघे दुखतात म्हणून ती तेव्हा पूजेलाही खुर्चीवर बसायची. मी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "जमिनीवर? कसं बसता?" तेव्हा आई कोट सावरत, कण्हत, लॅबच्या फरशीवर चक्क मांडी घालून बसली. बाईही तिच्यासमोर खाली बसल्या आणि तिचे गुडघे निरखत म्हणाल्या, "इतका वाकणारा आम्हाला अजून जमलेला नाही." मी आईला उठवायला हात पुढे केला, तर ती बसल्या बसल्याच आपल्या मोडक्या इंग्रजीत त्यांना म्हणाली, "मग हिला घ्या." आज माझ्या वर्कशॉपला तोच वास येतो, आणि नवा गुडघा हातात आला की मी आधी तो मांडीइतका वाकवून बघते.