मॅडमना वाचून दाखवलेलं पत्र

फुकट मिळालेली मदत नाकारणारी माणसं जगात थोडीफार असतील. पण मिळालेली मदत जागच्या जागी परत घ्यायला लावणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि तिच्याच घरातल्या वरच्या खोलीत मी सात वर्षं भाड्यानं राहिलो. आमच्या घरमालकीणबाई कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या. जन्मापासून त्यांना दिसत नव्हतं. अपंगांकडे समाज कसा बघतो हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता, आणि समाज म्हणजे त्यांच्या हाताला लागेल तो कुणीही. एकदा शहागंजच्या बाजारात त्या रस्त्याच्या कडेला काठी टेकून नुसत्या उभ्या होत्या, तर एका केळीवाल्यानं पुण्य करावं म्हणून त्यांचा दंड धरला आणि गर्दीतून थेट पलीकडे नेऊन सोडलं. मॅडमना पलीकडे जायचंच नव्हतं. त्यांनी त्याला परत अलीकडे आणायला लावलं, आणि गाडीपाशी उभं करून पाऊण तास शिकवलं: आधी विचारायचं, मग आपला कोपर पुढे करायचा, तो धरायचा की नाही ते आम्ही ठरवणार. केळीवाला हात जोडून म्हणाला, "गलती हो गई मॅडम, अब पूछे बगैर हात नई लगाता." पण त्यानं हे ज्ञान स्वतःपाशी ठेवलं नाही. पुढच्या आठवड्यापासून मॅडम शहागंजात शिरल्या की गाड्यांच्या अख्ख्या रांगेतून ओरडा व्हायचा, "मॅडम, पार होना है क्या?" मग भाव करता करता त्यांना दहा जणांना "नई होना, नई होना" असं सांगत बसावं लागे.

मी खुलताबादजवळच्या खेड्यातला. वाळूजच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून खोली शोधत त्यांच्या दारात गेलो, तर खोली दाखवायच्या आधी त्यांनी माझ्या हातात वर्तमानपत्र दिलं आणि अग्रलेख वाचायला लावला. ऐकून म्हणाल्या, "श्वास भलत्याच जागी घेतोस. पण आवाज खणखणीत आहे. ये राहायला." अट एकच होती, रोज सकाळी एक तास वाचून दाखवायचं. तेव्हा बोलणारे मोबाइल नव्हते. पुस्तकं, पत्रं, उत्तरपत्रिका, सगळं कुणाच्या तरी तोंडून त्यांच्यापर्यंत जायचं. ते तोंड माझं झालं. त्या जाड पुस्तकांतलं मला निम्मं कळत नसे, पण अंगात मुरत गेलं. एकदा मी आमच्या सुपरवायझरला सांगितलं की अपंगत्व माणसाच्या पायात नसतं, इमारतीच्या पायरीत असतं. त्यानं मला दोन दिवस रजा घे म्हणून सांगितलं.

शहर त्या वर्षांत भराभर वाढत होतं आणि त्याचा मॅडमना मनस्वी राग होता. त्यांनी सगळे रस्ते पावलांनी मोजून पाठ केलेले. रस्ता रुंद झाला किंवा कुठं पूल उभा राहिला की त्यांचं पाठांतर वाया जायचं, आणि त्या थेट त्या कामाच्या इंजिनिअरला फोन लावायच्या. "घरापासून चौकापर्यंत माझी एकशे चाळीस पावलं होती. ती कुठं नेलीत तुम्ही?" पलीकडचा माणूस बिचारा चोरीची तक्रार समजून पोलीस ठाण्याचा नंबर द्यायचा. (बिचारा हा शब्द त्यांच्या घरात वापरायला बंदी होती, मी आता माझ्या घरात बसून लिहितोय म्हणून धीर झाला.)

मग दुष्काळ पडला. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, गल्लीत टँकर. मॅडमनी ठरवलं की टँकरच्या रांगेत आंधळ्या-पांगळ्या माणसाचं काय होतं यावर लेख लिहायचा, आणि त्यासाठी स्वतः घागर घेऊन रांगेत उभं राहायचं. पहिल्याच दिवशी एक आजीबाई म्हणाल्या, "जाऊ द्या गं त्यास्नी म्होरं, दिसत नाय त्यास्नी." मॅडम जागच्या हलल्या नाहीत. "मला पुढं नको. माझा नंबर आला की पाइप कुठंय तेवढं सांगा." आजीबाई म्हणाल्या, "आवं, पर म्होरं गेल्या तर काय बिघडतं?" यावर मॅडमनी काय बिघडतं ते सांगायला सुरुवात केली. मुद्दे पाच होते. चौथ्या मुद्द्याला टँकर रिकामा झाला. आजीबाईंची घागर कोरडी, आमचीही कोरडी, आणि मी दोन दिवस नुसतं तोंड पुसून कामावर गेलो.

त्यातून झालेला लेख मात्र फक्कड होता. त्यांनी तो मोठ्या शहरातल्या एका नामांकित मासिकाला पाठवला. महिन्याभरानं उत्तर आलं. मी सवयीनं वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीवर माझी जीभ अडली. संपादकांनी लिहिलं होतं की लेखिकेनं स्वतःच्या गाऱ्हाण्याला संशोधन समजू नये, लेख नाकारला आहे. समोर मॅडम मान किंचित तिरकी करून बसल्या होत्या, स्थळाच्या होकाराची वाट बघणाऱ्या मुलीसारख्या. मला ते वाचवलंच नाही. मी म्हणालो, "थोडे बदल करून छापू म्हणतायत."

त्या दिवशी मॅडमनी सगळ्या विभागाला पेढे वाटले. घरी येऊन मलाही एक दिला, तो मी कागदात गुंडाळून खिशात ठेवला. चार महिने त्या दर सोमवारी माझ्याकडे अंकाची चौकशी करत होत्या. शेवटी कॉलेजातल्या कारकुनाकडून त्यांनी स्मरणपत्र लिहून घेतलं, आणि त्याचं उत्तरही त्या कारकुनानंच वाचून दाखवलं, भर विभागात, मोठ्यानं.

घरी आल्यावर त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "वाईट वाटून घ्यायचं होतं ते मला. तू कोण माझ्या वाट्याचं वाईट वाटून घेणारा?" मी म्हणालो, "चुकलं मॅडम. लई चुकलं." शिक्षा म्हणून पुढचे पाच दिवस रोज सकाळी ते मूळ पत्र मी स्वल्पविरामासकट वाचलं. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "त्या माणसाचा तिसरा मुद्दा बरोबर आहे." आणि लेख पुन्हा सांगायला बसल्या. वर्षभरानं तो दुसरीकडे छापून आला. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

पुढं माझं लग्न झालं, मी बजाजनगरला राहायला गेलो, मॅडमचा मोबाइल त्यांना वाचून दाखवू लागला. त्या निवृत्त झाल्या तेव्हा विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं एक पत्र फ्रेम करून दिलं. पण प्रमुख पाहुणे इतकं बोलले की ते वाचायचं राहूनच गेलं. हातानं लिहिलेलं मोबाइलला काही जमेना, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. सुरुवातीला "नियतीने दृष्टी हिरावली तरीही" वगैरे होतंच. मॅडम कण्हल्या, तरी मी एक अक्षर सोडलं नाही. शेवटी मात्र कुणीतरी वेगळ्या शाईनं लिहिलं होतं: "मॅडम, मागच्या बाकावर आम्ही झोपलो की तुम्ही नुसत्या श्वासावरून ओळखून नावानं उठवायचात. कॉलेजात आम्हाला नावानं ओळखणाऱ्या तुम्ही एकट्याच."

मॅडमनी फ्रेम मांडीवर घेतली. फ्रेमच्या काचेवरून त्यांनी बोटं फिरवली. काचेवर हाताला काय लागणार? मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "हे लिहिलंय का रे खरंच? का तू घातलंस?"

मी शपथ घेतली. त्या "बरं" म्हणाल्या. त्या "बरं"नं मला जितकं लागलं तितकं त्या पाच दिवसांच्या वाचनानंही लागलं नव्हतं. एकदाच खोटं बोललो होतो, तेही मायेनं, आणि त्यापायी आता त्यांना स्वतःचं खरं कौतुकही धड ऐकता येत नव्हतं.

परवा त्यांचा दूधवाला भेटला. सांगत होता, "म्याडम सकाळीच फ्रेम घिऊन फाटकात हुभ्या. म्हन्ल्या, खालची वळ वाच. वाचली. म्हन्ल्या, आजून एकदा वाच."

त्याच सकाळी सात वाजता मला फोन आला होता. "लिहिलंय की रे खरंच," मॅडम म्हणाल्या. मी म्हणालो, "व्हय मॅडम." बोलायचं तेवढं बोलून झालं होतं, पण फोन ठेवायचं कुणाच्याच मनात येईना.