वेशीचा आमचा खांब

आमच्या गावच्या गढीची आता फक्त वेस उरलीय. विटा-चुन्यातले दोन जाड खांब आणि वर कमान. दिवाळीनंतर मंडई भरते, आमच्याकडची जत्रा. तिच्या आदल्या दिवशी वेशीला छुई, म्हणजे पांढरी माती फासायची. गावात दोन टोले, दोन वस्त्या. डावा खांब वरच्या टोल्याचा, उजवा आमच्या खालच्या टोल्याचा. दुसऱ्याच्या खांबाला कुंचा लावायचा नाही. लावला तर वर्षभर टोमणे ऐका.

दोन वर्षांपूर्वी पंचायतीनं वेशीचं 'सौंदर्यीकरण' काढलं. सौंदर्यीकरण म्हणजे काय, तर सिमेंट! मी ग्रामसभेत उभी राहिले. हातात स्कॉटलंडमधल्या लिनलिथगो राजवाड्याची माहिती, मोहाडीहून प्रिंट काढून आणलेली. म्हटलं, या राजवाड्याच्या चौकाभोवतीच्या चार बाजू कुण्या एका राजानं बांधल्या नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या भर पडत गेली. पुढे सैन्य मुक्कामाला असताना आग लागली, छप्पर गेलं. आजही तो बिनछपराचाच उभा आहे, आणि त्याला कोणी टाइल्स लावायला जात नाही. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट चढवलं की ओल आत कोंडते आणि भिंत सोलून निघते.

सरपंच नात्यानं माझे मोठेबाबा, थोरले काका. म्हणाले, "पोरी, तुह्या त्या राजाचं आपल्या गावात मतदान हाय का?"

सभा हसली. हसून झाल्यावर वरच्या टोल्यानं आपल्या खांबाला सिमेंट घेतलं, आमच्या टोल्यानं घेतलं नाही. एका वेशीचे असे दोन निकाल!

यंदाच्या पावसात डाव्या खांबाचं सिमेंट फुगलं आणि विटांचे तुकडे घेऊन खाली आलं. पंचायतीनं लगेच 'धोकादायक' अशी पाटी लावली. मंडई झाली की जेसीबी येणार, अख्खी वेस पाडणार.

"मोठेबाबा, आमचा खांब कायले पाडता?"

"एकटा खांब बरा दिसते का? नवीन गेट देतो ना, स्टीलचं."

माझं डोकंच फिरलं. खराब केलं यांच्या सिमेंटनं आणि शिक्षा धड उभ्या खांबाला? लिनलिथगोची उत्तरेकडची बाजू कोसळली होती. म्हणून कोणी उरलेल्या तीन बाजू पाडल्या नाहीत. पडलेली बाजू पुन्हा बांधली. एवढी साधी गोष्ट समजायला काय विलायतेत जन्म घ्यावा लागतो?

मी पत्रक छापलं. वर ठळक ओळ: 'पडलेलं बांधा, उभं पाडू नका.' वरच्या टोल्यात एका काकूनं ते माझ्यासमोर वाचलं आणि माझ्यासमोरच त्यावर मिरच्या वाळत घातल्या.

मंडईच्या आदल्या दिवशी आम्ही छुई कालवत होतो. तीच काकू रिकामी बादली घेऊन आली, मागे तिच्या टोल्यातल्या बाया.

"आम्हाले बी दे थोडी छुई."

"तुमच्या खांबाले तर सिमेंट लागते ना, काकू?"

"गप वं! सिमेंट पंचायतीच्या मेंबरनं लावलं, आम्ही नाई. आमच्या खांबाची चांगली बाजू तरी फासतो. पडल्या जागी चुन्यात इटा लावणारा गवंडी भेटते का, ते पाय तू. नुसती पत्रकं नोको वाटू."

गवंडी सापडलाय, लाखांदूरकडचा. पण मोठेबाबा जेसीबी मागे घ्यायला तयार नाहीत. परवा जेसीबी येईल तेव्हा मी वेशीसमोर बसलेली असेन. वरच्या टोल्याच्या खांबापुढे.