बहिणीने मागवलेली कादंबरी

पुस्तकाच्या बांधणीतल्या खळीचा वास आला की ठाकुर्लीची आमची खोली आठवते. तेव्हा बहिणीचं लग्न ठरून सुपारी फुटली होती. घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. प्रेमाच्या कादंबऱ्या म्हणजे रडगाणी, असं ठणकावून सांगणारा. तिने माझ्याकडून वाचनालयातून मागवलेली जुनी कादंबरी मी चेष्टेने मोठ्याने वाचायला घेतली आणि असा गुंतलो की तीन संध्याकाळी सोडवेना. मनाविरुद्ध लग्न लावलेली नायिका शेवटी विहीर जवळ करते. निरक्षर वडील विडी विझवून म्हणाले, “त्या पोरीला कुणी विचारलंच नाही का रे?” मग बहिणीकडे वळले, “अगं, तुला पसंत आहे ना?” तिने मान हलवली, पण डोळे वर केले नाहीत. वडिलांचं समाधान झालं. तिने हीच कादंबरी का मागवली, ते मला कळलं होतं. पदवीचा अभिमान मला आजही आहे. त्या संध्याकाळी मात्र घरातला शिकलेला माणूसच गप्प बसला.