सुनंदाचे क्लास

सुनंदा मुलीच्या ट्रॉफ्या कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरत होती. आवाज ऐकून मी समोरच्या फ्लॅटमधून बाहेर आले. बारावीतली केतकी भिंतीला टेकून उभी होती, आईकडे बघत नव्हती.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काकी, नववीच्या आधीचा कायच धरनत नाय," सुनंदा म्हणाली.

केतकीला कॅनडातल्या एका कॉलेजात जायचं होतं. शाळेतल्या सल्लागार बाईंनी त्या दिवशी दोघींना सांगितलं होतं, की ते कॉलेज मार्कांबरोबर खेळ, कला असंही विचारतं, पण फक्त नववी ते बारावीतलं. आणि सुनंदाने नेमकं नववीला सगळं बंद केलं होतं.

"मी विचारलं होतं तुला," केतकी म्हणाली. "ओन्ली डान्स. तेवढं तरी ठेव म्हटलं होतं. यू सेड नो."

सुनंदाने पिशवीला गाठ मारली. पिशवी खाली गेली, ती कुणी परत आणली नाही.

सुनंदा मूळची कुडाळची, इथे आखातात हॉस्पिटलात नर्स. नवरा वफ्राच्या शेतांवर सुपरवायझर, घरी यायचा सुट्टीपुरता. त्यामुळे केतकी चार वर्षांची झाल्यापासून गाडी हिच्याच हातात. पोहायला बनेद अल-गार, नाचायला सालमिया, अबॅकस इथेच खैतानला एका तळघरात, शिवाय बुद्धिबळ. सिग्नल लाल झाला की मागे हात करून पोळीची सुरळी पोरीच्या तोंडात. हिरवा झाला की "चाव बेगीन!"

"पोर दमली गं," मी म्हणायची.

"दमली तर पाणी पियात. बसान कोणाक काय गावला? पुढे कॉलेजवाले ह्याच बघतत."

"कुणी सांगितलं तुला?"

"सगळे सांगतत."

हे सगळे कोण, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण बाई वाईट नव्हती. मला ताप आला तेव्हा ड्युटीवरून तशीच युनिफॉर्ममध्ये आली, पेज केली, आणि मी गोळी चुकवली म्हणून माझ्या मुलासमोर मला झापलं.

नववी लागली तशी ट्यूशन सुरू झाली आणि बाकी सगळं थांबलं. आपल्या लोकांत तसंच करतात, म्हणून तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. मलाही नाही.

ट्रॉफ्या गेल्या त्यानंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सुनंदा केतकीला घेऊन सालमियाच्या नाचाच्या बाईंकडे गेली. खालच्या मजल्यावरच्या बायकांनी लिफ्टपाशी गाठलंच.

"बारावीत नाच? आणि आता त्याचा काय उपयोग?"

"उपयोग नाय म्हणानच नाचतली," सुनंदा म्हणाली. "तुमच्या पोटात कशाक दुखता?"

मधली वर्षं गेल्यामुळे केतकीचे पाय सुजायचे. सुनंदा मिठाच्या कोमट पाण्याची बादली तिच्यापुढे ठेवायची आणि पुस्तक हातात द्यायची. अभ्यास काही सोडला नव्हता.

पूर्वी क्लास चालू असताना सुनंदा गाडीत झोपायची, रात्रपाळी असायची ना. आता ती आत जाऊन बसायला लागली. पहिल्या दिवशी परत आली ती थेट माझ्याकडे, चप्पलही न काढता.

"काकी, चेडू हसता नाचताना."

"मग? पोर हसते, तुला माहीत नव्हतं?"

"नाय," ती म्हणाली आणि माझ्याकडे चहा मागितला.

कॅनडाच्या कॉलेजने नाही म्हटलं. केतकी एक संध्याकाळ रडली, सुनंदा तिच्याजवळ बसून राहिली. पुण्याच्या कॉलेजने मार्कांवर घेतलं. पोहता येतं का, बुद्धिबळ येतं का, तिथे कुणी विचारलं नाही. तिथेही ती नाचते. बक्षीस मिळतं की नाही ते मी विचारत नाही, ती सांगत नाही.

गेल्या उन्हाळ्यात सुनंदा नोकरी सोडून कुडाळला गेली. समोर आता दुसरं बिऱ्हाड आहे. मायलेकी रोज फोनवर बोलतात, भांडतातही. बारावीच्या त्या वर्षातून आई वाचली आणि मुलगीही वाचली.